खिडकीत फळझाडं लावायचीत? खान्देशातल्या घरांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फ्लॅटमध्ये राहायला आलं की अंगण जातं, गच्चीची चावी सोसायटीच्या सेक्रेटरीकडे असते, आणि उरते ती खिडकी. खाली जे प्रश्न घेतलेत ते जळगाव, भुसावळ, धुळ्याकडच्या लोकांनीच मला फिरून फिरून विचारलेत, म्हणून उत्तरंही आपल्याकडच्या उन्हाला, पाण्याला आणि मातीला धरूनच दिलीत. थंड देशातले व्हिडिओ बघून आलात तर काही गोष्टी अगदी उलट्या वाटतील, त्याला इलाज नाही.

खान्देशात एवढं ऊन पडतं, मग खिडकीत "ऊन कमी" कसं काय?

बाहेर पडतं, घरात नाही. भर दुपारी उघड्यावर साधारण एक लाख लक्स उजेड असतो आणि आपल्याला चांगली उजेडाची वाटणारी खोली काही शे लक्सची असते. आपला डोळा लगेच जुळवून घेतो म्हणून फरक कळत नाही, झाडाला मात्र लगेच कळतो. त्यात आपल्याकडे घरं बांधतानाच ऊन बाहेर ठेवायचं म्हणून बांधतात, दीड-दोन फुटाचा छज्जा, काळी फिल्म लावलेली स्लायडिंग काच, त्याला डासांची जाळी, आत पडदा. प्रत्येक थर थोडा थोडा उजेड खातो. त्यामुळे झाड खिडकीच्या कट्ट्यावर, काचेला जवळजवळ चिकटूनच पाहिजे, तीन-चार फूट आत टीपॉयवर ठेवलं की फळाचा विषय संपला, ते फक्त शोभेचं झाड झालं.

कोणत्या दिशेची खिडकी चांगली?

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच आहे. नेटवर सगळीकडे लिहिलेलं असतं की दक्षिणेची खिडकी बेस्ट. ते युरोप-अमेरिकेसाठी बरोबर आहे, तिकडे सूर्य बारा महिने दक्षिणेलाच असतो. जळगाव आहे साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर, कर्कवृत्ताच्या खाली. आपल्याकडे २५ मेच्या आसपास दुपारी सावली गायब होते, सूर्य बरोब्बर डोक्यावर, आणि तिथून जुलैच्या मध्यापर्यंत तो दुपारी चक्क थोडा उत्तरेकडे असतो. म्हणजे मे महिन्यात बाहेर अंग भाजतंय आणि दक्षिणेच्या खिडकीत थेट उन्हाची एक तिरीप नाही, असं होतं. डिसेंबरात उलटं, दुपारचा सूर्य साधारण ४५ अंशावर उतरलेला असतो, मग दोन फुटाचा छज्जा असला तरी तो वरच्या दोन फुटांवरच सावली टाकतो आणि खाली कट्ट्यावर सकाळपासून चार वाजेपर्यंत मस्त ऊन पडतं. म्हणून दक्षिणेची खिडकी ही हिवाळ्याची खिडकी. स्ट्रॉबेरी, रसभरी, टोमॅटो तिथे.

पूर्वेची खिडकी बारा महिने भरवशाची, तीन-चार तास कोवळं ऊन, झाड भाजत नाही. एकच खिडकी निवडायची तर मी पूर्व निवडेन. पश्चिमेला ऊन भरपूर पण दुपारनंतरचं, मार्च ते जून ते झाडाला झेपत नाही, तिथे हिरवी नेट लागतेच. उत्तरेच्या खिडकीत फळाची आशा धरायची तर ट्यूबलाईट लावायची तयारी ठेवा.

माझ्या खिडकीत नेमकं किती ऊन आहे हे कसं बघायचं?

सुट्टीच्या दिवशी दर तासाला कट्ट्यावर हात धरून सावली बघा. बोटं वेगवेगळी दिसतात अशी काळी सावली म्हणजे थेट ऊन, नुसता पुसट ढग दिसला तर तो फक्त उजेड. थेट उन्हाचे तास मोजा. चार-पाच तास भरले तर बऱ्यापैकी पर्याय आहेत, दोन-तीन असतील तर निवडून लावावं लागेल. मोबाईलवर लक्स मोजायचं फुकट ॲप मिळतं, आकडा तंतोतंत नसतो पण दोन खिडक्यांची तुलना करायला चालतं. आणि ही तपासणी एकदा डिसेंबरात, एकदा मे महिन्यात करा, का ते वर सांगितलंच.

बरं मग लावू काय?

स्ट्रॉबेरी. सगळ्यांना तीच पाहिजे असते आणि खरं सांगायचं तर खिडकीला तीच सगळ्यात सोयीची पण आहे, मुळं उथळ, सहा-आठ इंची कुंडी पुरते, झाड वीतभर. फक्त तिला आपला हिवाळाच चालतो. नंदुरबार जिल्ह्यात अक्कलकुव्याकडे डाबच्या परिसरात शेतकरी स्ट्रॉबेरी घेतात ते सातपुड्याच्या उंचीवरच्या थंडीमुळे, खाली तापीकाठाला ती सोय नाही. ऑक्टोबरच्या शेवटी किंवा नोव्हेंबरात तयार रोप आणा, बी पेरत बसू नका. रोपाच्या मधोमध जिथून कोवळी पानं फुटतात तो गाभा मातीच्या वर राहिला पाहिजे, दाबला गेला की सडतो, आणि फार वर राहिला तर मुळं सुकतात, मातीच्या बरोबरीने बसवायचा. फूल आल्यावर साधारण महिन्याभरात फळ लाल होतं. भरीत पार्ट्यांचा सीझन चालू असतो तेव्हाच हिचाही सीझन. मार्च तापायला लागला की फळं बारीक आणि आंबट होत जातात, एप्रिलमध्ये झाड माना टाकतं, ते वाचवायच्या नादी लागू नका, पुढच्या वर्षी नवीन रोप आणा.

रसभरी माझ्या मते खान्देशासाठी स्ट्रॉबेरीपेक्षा सरस, पण कोणी विचारतच नाही. बाजारातून पिकलेली रसभरी आणा, बिया धुऊन सावलीत वाळवा आणि पोळ्याच्या पुढेमागे पेरा. दहा इंची कुंडी, आधाराला एक काठी, तीन-चार तास ऊन, एवढ्यावर हिवाळ्यात फळं येतात. वरची कागदी टोपी वाळून गवती रंगाची झाली आणि फळ आपोआप गळून पडलं की मगच खायचं, हिरवं कच्चं फळ खायचं नाही, विशेषतः लहान पोरांना देऊ नका.

तुती म्हणजे शहतूत. ऊन, धूळ, जड पाणी सगळं सोसते. पेन्सिलीएवढी जाड काडी खोचली तरी जगते. पश्चिमेच्या ग्रीलमध्ये ठेवायला याच्यासारखं दुसरं झाड नाही. फळ नव्या फुटीवर येतं, त्यामुळे फांद्या छाटून जुनी पानं ओरबाडून काढली की नवी फूट येते आणि त्या फुटीसोबत फळं. मूठभर येतात, पण येतात.

चायना संत्री म्हणून नर्सरीत जे छोट्या केशरी फळांचं झाड मिळतं ते लिंबूवर्गीय झाडांमध्ये कमी उजेडाला सगळ्यात जास्त तग धरतं. फळ आंबट असतं, सालीसकट लोणचं किंवा सरबत करायचं.

अननसाचा शेंडा लावून बघायचा तर बघा, उजेड कमी असला तरी जगतो, पण दोन वर्षं आणि वर धीर पाहिजे आणि पानं पसरून काटे टोचतात. झाड पुरेसं मोठं झालं तरी फूल येत नसेल तर झाडाच्या बुडाशी पिकलेली केळी किंवा सफरचंद ठेवून सगळ्याला मिळून प्लास्टिकची पिशवी आठवडाभर सैल बांधा. पिकल्या फळातून इथिलीन निघतो, केळी पिकवायच्या चेंबरमध्ये सोडतात तोच गॅस, आणि अननसाला तो फुलायचा इशारा ठरतो.

चेरी टोमॅटो आणि मिरची पण फळंच आहेत म्हणा, पहिल्यांदाच कुंडी आणत असाल तर खरंतर मिरचीपासूनच सुरुवात करा.

केळी, पपई, डाळिंब, मेहरूणची बोरं? आपल्या भागातलंच लावलं तर जास्त चांगलं येणार ना?

नाही. आपल्या भागातलं आलं म्हणजे उघड्या शेतातलं आलं. टिश्यूकल्चरची केळी सहा-सात फुटाच्या वर जाते आणि दिवसभराचं ऊन मागते, रावेर-यावलला ती कशी उभी असते ते बघितलंय ना, ती कट्ट्यावर कुठे मावणार. पपईचं तेच. बोर म्हणजे काट्यांचं मोठं झाड. डाळिंबाची बुटकी जात कुंडीत येते, फुलं छान येतात, पण पाच-सहा तास ऊन नसेल तर फळ धरत नाही. केळी विकतच घ्या, जळगावात राहून ती महाग पडत नाही.

भो, मग लिंबू कधी लागतीन?

हा प्रश्न विचारणाऱ्यांनी बहुतेक सरबतातली बी पेरलेली असते. कागदी लिंबाच्या बीपासून झाड बहुतेक वेळा आईसारखंच येतं, तेवढी गोष्ट चांगली, पण फळाला चार-सहा वर्षं लागतात, आणि ती पण भर उन्हात. खिडकीत तीन तासाच्या उन्हावर त्याला नुसती पानं आणि काटे येत राहतात. लिंबूच पाहिजे असेल तर कलम किंवा गुटीचं (झाडावरच फांदीला मुळं फुटवून केलेलं) रोप घ्या, शक्यतो नर्सरीत फळ लागलेलं बघूनच घ्या, बारा-चौदा इंची कुंडी द्या आणि घरात सगळ्यात जास्त ऊन जिथे येतं तिथे ठेवा. फुलं येऊन गळाली तर घाबरू नका, लिंबूवर्गीय झाडं शंभर फुलांतली बरीचशी स्वतःच गाळतात. पण सगळीच गळत असतील तर एक तर ऊन कमी, नाहीतर पाण्याचं तंत्र बिघडलंय, एकदा कोरडंठाक आणि एकदा चिखल असं चाललंय.

पानं हिरवीगार, लांब, पातळ आणि दोन पानांमधलं अंतर जास्त, झाड खिडकीकडे झुकलेलं, असं दिसलं की समजा ऊन कमी पडतंय. तिथे खत वाढवून काही होत नाही, उलट झाड अजून लुसलुशीत होतं आणि मावा येतो.

आंब्याची कोय, चिकूची बी, अव्होकाडोची बी लावली तर?

पोरांना कोंब फुटताना दाखवायला लावा. फळासाठी नाही.

ग्रो लाईट घ्यावी का? त्या जांभळ्या वाल्या?

जांभळ्याच पाहिजेत असं अजिबात नाही. साधी पांढरी एलईडी ट्यूब, २० वॅटची, कूल डेलाईट म्हणून जी मिळते ती चालते, फक्त झाडाच्या शेंड्यापासून वीतभर ते फूटभर अंतरावर पाहिजे, छतावर लावून उपयोग नाही कारण अंतर वाढलं की उजेड झपाट्याने कमी होतो. खिडकीत दोन-तीन तास ऊन येत असेल तर रोज बारा तास ट्यूब. हिशोब सोपा आहे, २० वॅट गुणिले बारा तास म्हणजे २४० वॅट-तास, महिन्याला साधारण सात युनिट. लाईट गेली तर गेली, इन्व्हर्टरवर टाकायची गरज नाही, झाडाला दोन-चार तासाने काही होत नाही. मात्र रात्रभर चालू ठेवू नका, झाडालाही अंधार लागतो. टायमरचं सॉकेट बसवलं की डोक्याला ताप नाही.

ट्यूब घ्यायच्या आधी फुकटातल्या गोष्टी करा. काच आतून-बाहेरून पुसा, फिल्म असेल तर त्या एका तावदानाची काढा, कुंडीच्या मागे पांढरा थर्माकोल उभा करा म्हणजे उजेड झाडाच्या मागच्या बाजूलाही परतून येतो. पानांवरची धूळ ओल्या फडक्याने पुसा, आपल्याकडे मार्चपासून एवढी धूळ बसते की पान करडं दिसतं.

गावाकडून शेतातली काळी माती आणली तर चालेल? फुकट आहे.

कापसाला, केळीला ती सोनं आहे. कुंडीत ती ओली असली की लोणी आणि वाळली की वीट. कुंडीच्या भिंतीपासून सुटते, कडेने फट पडते, मग पाणी घातलं की त्या फटीतून सरळ खाली जातं आणि मधली मुळं कोरडीच राहतात, वरून आपल्याला वाटतं पाणी भरपूर झालं. वापरायचीच असेल तर एक भाग काळी माती, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळ खत आणि एक भाग जाड रेती असं करा. कोकोपीट आधी दोनदा भिजवून पिळून घ्या, त्यात मीठ असतं. शेणखत गरम लागत असेल किंवा वास मारत असेल तर ते अजून कुजलेलं नाही, थांबा.

पाणी बोअरचं आहे, जड. कूलरमधलं उरलेलं टाकलं तर?

कूलरचं नको, अजिबात नको. कूलरमध्ये पाणी उडून जातं आणि क्षार टाकीतच राहतात, त्यामुळे उरलेलं पाणी बोअरपेक्षाही जास्त खारं झालेलं असतं. तीच गोष्ट आरओ मशीनमधून वाया जाणाऱ्या पाण्याची, ते फरशी पुसायला वापरा. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी मात्र जवळजवळ क्षार नसलेलं असतं, ते बाटलीत धरून ठेवा आणि बोअरच्या पाण्यात अर्धं अर्धं मिसळून द्या. पावसाळ्यात ग्रीलबाहेर बादली लावा.

जड पाण्याची खूण म्हणजे कुंडीच्या कडेला पांढरी खपली आणि नवीन पानं पिवळी पण शिरा हिरव्या. लोक याला पाणी कमी पडलं समजतात आणि तेच पाणी अजून घालतात. खरंतर क्षारांमुळे मातीतलं लोह झाडाला उचलता येत नाही. कृषी केंद्रातून चिलेटेड फेरसची छोटी पुडी आणा, लिटरला अर्धा ग्रॅम, संध्याकाळी पानांवर फवारा. महिन्यातून एकदा कुंडी बाथरूममध्ये नेऊन खालून भरपूर वाहीपर्यंत चांगल्या पाण्याने धुवून काढा.

किती पाणी हे दिवसांवर ठरवू नका, बोट दोन पेरं मातीत घाला, कोरडं लागलं तर द्या. जानेवारीत तीन-चार दिवस चालतं, मे महिन्यात दिवसातून दोनदा द्यायला लागतं.

उन्हाळ्यात काय करायचं? आणि खिडकीत तर कूलर बसतो!

हीच खरी अडचण, आणि ही पुण्या-मुंबईच्या लोकांना सांगून कळत नाही. भुसावळला पारा ४५ च्या वर जातो तेव्हा कट्ट्यावरचा कडप्पा हाताला चटका देतो, काळ्या प्लास्टिकच्या कुंडीतली मुळं अक्षरशः शिजतात. मार्च संपता संपता कुंड्या कट्ट्यावरून लाकडी पाटीवर किंवा विटांवर घ्या, खालून हवा खेळली पाहिजे. छोटी कुंडी मोठ्या मातीच्या कुंडीत ठेवून मधल्या जागेत रेती भरा आणि ती रेती ओली ठेवा, किंवा गोणपाट गुंडाळून त्याच्यावर पाणी मारा. पश्चिमेला ५० टक्क्यांची हिरवी नेट.

कूलरच्या मागे, म्हणजे तो बाहेरची हवा ओढतो त्या बाजूला कुंडी कधीच ठेवू नका, तिथे दिवसभर गरम कोरडी हवा झाडावरून ओढली जाते आणि पानांच्या कडा कागदासारख्या वाळतात. कूलरच्या पुढे खोलीत झाड खूश असतं, गारवा आणि ओल दोन्ही, फक्त थेट झोतात नको आणि तिथे उजेड पाहिजे. एसीच्या बाहेरच्या युनिटसमोर तर नावच काढू नका.

एप्रिल ते जून झाड वाढावं, फळ धरावं अशी अपेक्षाच ठेवू नका. खत बंद, छाटणी बंद, जिवंत राहिलं की झालं. मृगाचा पाऊस पडल्यावर ते आपोआप फुटतं.

फुलं येतात पण फळ धरत नाही.

जाळी लावलेल्या खिडकीत मधमाशी येणार कुठून? तिचं काम आपण करायचं. मऊ रंगाचा ब्रश घ्या, सकाळी नऊ-दहाच्या सुमारास फुलात गोल फिरवा, सगळ्या फुलांवरून एक एक हात. स्ट्रॉबेरीचं फळ एका बाजूने फुगलेलं आणि दुसरीकडे आखडलेलं असेल तर परागीकरण अर्धवट झालंय, ब्रश पूर्ण फिरला नाही. टोमॅटो, रसभरीला ब्रश पण नको, फुलाच्या देठाला बोटाने टिचकी मारली तरी पुरतं.

खत कोणतं? केळीच्या सालीचं पाणी चांगलं म्हणतात.

सालींची आपल्याकडे कमी नाही, पण साल पाण्यात भिजवून ते पाणी घालण्यात फार काही नाही, थोडंफार पालाश उतरतं आणि घरात चिलटं होतात. साल कंपोस्टमध्ये कुजवा, मग तिचा खरा उपयोग. बाकी पंधरा-वीस दिवसांनी मूठभर गांडूळ खत. गावाकडे कोणाकडे ड्रीप असेल तर त्यातून सोडतात ते १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं, पाण्यात विरघळणारं खत) घरात पडलेलंच असतं, त्यातलं चमचाभर कागदात बांधून आणा, पण शेतातला डोस कुंडीला लावू नका, लिटरला एक ग्रॅम, पंधरा दिवसांनी, आणि आधी माती ओली असताना.

किडे?

खिडकीत तीनच मुख्य. पिठ्या ढेकूण, पांढरा कापसासारखा, पानाच्या बेचक्यात, ओल्या फडक्याने पुसून काढा. लाल कोळी उन्हाळ्यात कोरड्या हवेत येतो, पानावर बारीक पिवळे ठिपके आणि खालून जाळं, पानं खालच्या बाजूने पाण्याने धुवा. आणि लिंबाच्या झाडावर पक्ष्याची शिट पडल्यासारखं काही दिसलं तर नीट बघा, ती अळी असते, हाताने उचलून टाका नाहीतर दोन दिवसात झाडाचे खराटे होतील. निंबोळी तेल लिटरला पाच मिली, त्यात भांड्याच्या साबणाचे दोन-चार थेंब, संध्याकाळी फवारायचं, उन्हात फवारलं की पानं करपतात.

एवढं करून मिळतं किती?

स्ट्रॉबेरीच्या चार कुंड्यांमधून एकावेळी वाटीभर फळं मिळाली तर उत्तम समजा. भाजीपाल्याचा खर्च वाचेल या हिशोबाने करत असाल तर नका करू. झाडावर पूर्ण पिकून गळलेली, उचलल्या उचलल्या तोंडात टाकलेली रसभरी बाजारात कुठेच मिळत नाही, एवढं मात्र आहे.

कुंडी खाली पडली तर?

हे पहिल्यांदा विचारायला पाहिजे होतं. वळवाच्या वाऱ्यात तिसऱ्या मजल्यावरून कुंडी पडली तर खालच्याचं डोकं फुटेल. उघड्या कट्ट्यावर काहीच ठेवायचं नाही, ग्रीलच्या आतच, आणि प्रत्येक कुंडी बायंडिंग वायरने ग्रीलला बांधलेली. खाली ताटली ठेवा, नाहीतर चिखलाचं पाणी खालच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर आणि मग मीटिंगमध्ये तुमचा विषय.

आखाजीला आठ दिवस माहेरी जायचंय, नेमका कडक उन्हाळा. पाणी कोण घालणार?

शेजारची काकू विसरते. जाड सुती दोरी घ्या, नाडीसारखी, एक टोक कुंडीच्या मातीत चार बोटं खोल, दुसरं टोक पाण्याच्या बादलीत तळापर्यंत. बादली कुंडीच्या बरोबरीला किंवा थोडी वर. दोरी आधी पूर्ण भिजवून घ्यायची, कोरडी दोरी पाणी ओढत नाही. सगळ्या कुंड्या खिडकीतून काढून खोलीत उजेडाच्या जागी, जमिनीवर, एकमेकींना चिकटवून ठेवा. बादलीवर झाकण किंवा फडकं, म्हणजे पाणी कमी उडेल आणि डास होणार नाहीत. निघायच्या दोन दिवस आधी लावून बघा, माती चिखल झाली तर दोरी बारीक करा, वरून कोरडी पडली तर अजून एक दोरी घाला.